पिनबॉल यंत्रातील सेटिंग्ज जपण्यासाठी

विल्यम्स कंपनीच्या १९९०च्या दशकातील पिनबॉल यंत्रांत उच्चांक आणि सेटिंग्ज जपणारे तीन एए सेल मुख्य बोर्डावरच बसवलेले असतात. ते गळले की हिरवट-पांढरा क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो, आणि ही हानी सेटिंग्ज जाण्यापेक्षा कितीतरी वाईट असते. म्हणून निदान सेलचा होल्डर तरी तारा जोडून बोर्डाच्या खाली, दूर बसवावा. लिथियम एए सेल सहसा गळत नाहीत, मात्र त्यांच्यात उलटा प्रवाह जाऊ नये यासाठी बोर्डावरील डायोड आधी मीटरने तपासावा. सोल्डरिंगचा हात चांगला बसलेला असेल, तर जुनी रॅम चिप काढून तिथे सॉकेट लावावे आणि त्यात एनव्हीरॅम (वीज नसतानाही माहिती टिकवणारी मेमरी चिप) बसवावी. हाच मार्ग मला सर्वांत उत्तम वाटतो, कारण मग सेलची गरजच उरत नाही. यंत्र बंद असताना त्यातील घड्याळ तेवढे थांबते.