आतड्यांच्या दाहाच्या आजाराचे प्रमाण वर्षागणिक कसे मोजावे

क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांच्या दाहाच्या दोन मुख्य आजारांचे प्रमाण काढायचे तर आधी एक तारीख ठरवा. त्या दिवशी हयात असलेले, त्याच भागात राहणारे, निदान झालेले रुग्ण मोजा. लोकसंख्येने भागा आणि 1,00,000 ने गुणा. स्कॉटलंडच्या लोथियन भागात 2018 साली हा आकडा 784 आला.

खरी मेहनत रुग्ण पक्के करण्यात आहे. रुग्णालयाच्या नोंदीत के50 (क्रोन्स) किंवा के51 (अल्सरेटिव्ह कोलायटिस) हा आजाराचा कोड एकदा दिसला म्हणून नाव धरू नका. नुसत्या संशयावरही तो टाकला जातो. कोलोनोस्कोपी, बायोप्सी आणि औषधांच्या नोंदी जुळवून पाहा. भारतात आतड्याचा क्षयरोग क्रोन्ससारखाच दिसतो, तो वगळल्याशिवाय मोजणीवर विसंबू नये. फक्त मोठ्या रुग्णालयाची यादी घेतली तर सौम्य रुग्ण सुटतात.

मृत्यू आणि स्थलांतर दरवर्षी वजा करा, नाहीतर आकडा फुगतो.

नवे रुग्ण वाढले नाहीत तरी एकूण प्रमाण चढत राहते, कारण आजार बहुधा तरुणपणी जडतो, आयुष्यभर राहतो आणि त्याने मृत्यू क्वचितच होतो. म्हणून नव्या रुग्णांचा दर वेगळा काढा. नोंदी सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत जुने रुग्णही नवे म्हणून शिरतात. या दरातून ती वर्षे गाळा.