उसण भरलेला गडी टोळीत कसा टिकवायचा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायला लागून मला 26 वर्षं झाली. त्यातली शेवटची अकरा मुकादम म्हणून. टोळीत आम्ही नऊजण. माझ्यासकट सहाजणांना कधी ना कधी कमरेनं धरलंय, पण नऊच्या नऊ अजून कामावर आहेत. ते कसं जमवलं, तेवढं सांगतो.

सुरुवात वाटणीपासून करा. औषध, व्यायाम, पट्टा हे सगळं नंतर. आमच्याकडं पैसा पोत्यामागं येतो आणि संध्याकाळी सारखा वाटला जातो. ज्याच्या कमरेत चमक निघाली तो बोलत नाही, कारण बोलला की वाटणी कापली जाणार. मग तो गोळी खाऊन पोती उचलतो, आणि चौथ्या दिवशी उठायचा बंद होतो. म्हणून आम्ही ठरवलं : काम करताना कंबर गेली, तर चार आठवडे पूर्ण वाटणी. तेवढ्या दिवसांत तो झेपेल ते काम करेल, पण यार्डात येईल. आणि दुखणं लपवलं तर मात्र त्याची चूक धरायची.

याला विरोध झालाच. "तो दाभण टोचणार आणि आम्ही पोती उचलायची?" असं एका तरण्या पोरानं तोंडावर विचारलं. मी म्हटलं, मर्दा, आज त्याची पाळी आहे, उद्या तुझी येईल. पुढच्याच सीझनला आली.

माझी कंबर पहिल्यांदा गेली तेव्हा हा नियम नव्हता. एका डॉक्टरनं सांगितलं, हलू नका. मी 21 दिवस पडून राहिलो. उठलो तेव्हा दुखणं होतं तेवढंच होतं, वर पायातलं बळ गेलं होतं. पहिल्या दिवशी चौथ्या पोत्याला गुडघे थरथरले. माझी पुतणी पुढं फिजिओथेरपी शिकली, तिनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "काका, एखाददुसरा दिवस आडवं पडलं तर ठीक, तीन आठवडे कोण पडून राहतं?" साध्या उसणीला हिंडतं-फिरतं राहणं हाच उपाय. बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत ओसरते. परत येऊ शकते, त्याचीही तयारी ठेवायची.

कमरेचा फोटो, म्हणजे एक्स-रे किंवा एमआरआय, काढायची घाई नको, हेही तिचंच. पन्नाशीतल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या शंभर माणसांचा एमआरआय काढला तर साठेक जणांची मणक्यांमधली गादी फुगलेली दिसते म्हणे. आमचा तासगावचा गडी 'गादी सरकली' एवढे दोन शब्द ऐकून महिनाभर वाकायलाच घाबरत होता. दुखणं कमी झालं, तरी भीती उरलीच.

पण काही खुणा दिसल्या तर मुकादमानं शहाणपणा करायचा नाही. लघवी तुंबली किंवा कळत-नकळत व्हायला लागली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्या, रात्र असली तरी. उंचावरून पडल्यावर दुखायला लागलं, सोबत ताप आहे, वजन उतरतंय, पूर्वी कॅन्सर झालेला आहे, तरीही आधी डॉक्टर. यातलं काही नसेल तर पुढं वाचा.

दुसरं काम : एक पोतं किती वेळा उचललं जातं ते मोजा. आम्ही एक दिवस नुसतं मोजत बसलो. टेम्पोतून पाठीवर घेऊन जमिनीवर टाकलं, एक. जमिनीवरून काट्यावर, दोन. काट्यावरून परत जमिनीवर, तोंड शिवायला, तीन. शिवून झालं की पाठीवर घेऊन थप्पीला, चार. चारातल्या तीन वेळा कंबर वाकते किंवा वाकत-वाकत वजन खाली सोडावं लागतं. आता टेम्पो उलटा घेऊन ओट्याला लावतो. काटा ओट्यावरच. काट्याशेजारी जुनी लाकडी पॅलेट एकावर एक रचलीत, काट्याच्या उंचीची. तोललेलं पोतं दोघांनी नुसतं सरकवायचं, तिथंच शिवायचं आणि तिथूनच पाठीवर घ्यायचं. उचलणं दोनदाच. दिवसाला 200 पोती धरली तर 400 वेळचं उचलणं वाचलं. 55 किलोच्या पोत्यानं हिशेब करा, 22 टन होतात. अडत्यानं पॅलेटचे पैसे द्यायला खळखळ केली. जमिनीवर आपटून बारदान फाटायचं कमी झालं, तेव्हा गप्प बसला.

भिंतीवर एक पोस्टर आहे. हेल्मेटवाला माणूस गुडघ्यात वाकून, पाठ ताठ ठेवून खोकं उचलतो. खोक्याला धरायला कडा असतात. पोतं मऊ, त्याचे दोन कान तेवढे हातात येतात, आणि गुडघे वाकवले तर पोट मांडीत अडकतं. तसं उचलायला शिकवून कुणाची कंबर वाचलेली मी पाहिली नाही; पुतणीही म्हणते की नुसत्या शिकवण्यानं फरक पडत नाही. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचा हिशेब तिनं दाखवला : सगळं सोयीचं असलं, अगदी कमरेजवळून उचलायचं असलं, तरी एका माणसाला 23 किलो. आपलं पोतं त्याच्या दुपटीहून जड. म्हणून आमच्यात एकट्यानं जमिनीवरचं पोतं उचलायचं नाही. दोघांनी कान धरायचे, तिसऱ्यानं पाठ द्यायची, आणि 'हं' पाठ देणाऱ्यानं म्हणायचं, कान धरणाऱ्यांनी नाही.

आता दुखणाऱ्या गड्याचं काम. 'हलकं काम दे' म्हटलं की त्याला सावलीत बसवतात. दिवसभर एका जागी बसून तो जास्त आखडतो. आमची पद्धत अशी. पहिला आठवडा दाभण-सुतळी, काट्याची चिठ्ठी, नमुने काढणं. पण अर्ध्या तासानं उठून यार्डाला एक फेरी मारायचीच. दुसऱ्या आठवड्यात सपाट जागेवर ढकलगाडी. ढकलायची, ओढायची नाही. तिसऱ्यात कान धरायला उभा करतो, पॅलेटच्या उंचीवर. चौथ्यात पाठीवर पोतं, पण थप्पीच्या तिसऱ्या-चौथ्या थराचंच. तळाचा आणि डोक्यावरचा थर दुसऱ्यांनी लावायचा. वीस पोती झाली की पाळी बदलायची.

हा क्रम आठवड्यांवर नाही, सकाळवर चालतो. काम करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी उठल्यावर कालच्याएवढंच किंवा कमी असेल तर पुढची पायरी. जास्त असेल तर एक पायरी मागं. रोज सकाळी सातला चहाच्या गाड्यावर मी एवढंच विचारतो, "कालच्यापेक्षा कसं?" आणि वहीत लिहितो : बरं, तसंच, वाईट. तासगावच्या गड्याच्या पानावर सलग पाच 'तसंच' आहेत. तेव्हा त्याला वाटलं, आता हमाली संपली. सहाव्या दिवशी 'बरं' आलं.

पट्ट्याबद्दल मला रोज विचारतात. बांधून बरं वाटत असेल तर बांधा, पण पोतं काही हलकं होत नाही. पट्टा बांधून जास्त उचलणारेच मी जास्त आडवे पडलेले बघितलेत. पेनकिलर उपाशीपोटी चघळून टेम्पोवर चढणं तर बंदच करा; ती रोज चालू राहिली तर पोट आणि मूत्रपिंडं जातात, वर दुखणं कळेनासं होतं आणि माणूस वजनाला भीत नाही.

सुटीत कंबर बरी आहे म्हणून घरी पडून राहणाऱ्यांना पुतणीनं दोन व्यायाम दिलेत. उताणं झोपून गुडघे वाकवून ढुंगण वर उचलणं, दहा वेळा. ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं, दोन्ही बाजूंनी दहा-दहा. आधी सगळे हसले. आता सीझन सुरू व्हायच्या महिनाभर आधी, मालाची आवक कमी असते तेव्हा, ओट्यावर बारदान अंथरून नऊजण ओणवे होतात आणि चहावाला फोटो काढतो.