दक्षिण सुदानमधल्या मिशनकार्याला हातभार लावताना या चुका टाळा

दक्षिण सुदानला पाठवलेली मदत वाया जाण्याचं सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे चुकलेला महिना. ढोबळमानाने मे ते ऑक्टोबर पाऊस असतो आणि देशाच्या मोठ्या भागात काळी चिकण माती आहे. ती भिजली की ट्रक आसापर्यंत रुततो आणि रस्ता सुकेपर्यंत तिथेच पडून राहतो. राजधानी जुबा ते युगांडाच्या सीमेवरचं निमुले हा १९२ किलोमीटरचा देशातला पहिला मोठा डांबरी महामार्ग २०१२ मध्ये पूर्ण झाला, त्यामुळे युगांडाकडून येणारा माल जुबापर्यंत तरी पोहोचतो. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. उत्तरेला मालाकल किंवा बेंतिउच्या बाजूला जायचं तर नदीतले बार्ज, कोरड्या दिवसांतला कच्चा रस्ता किंवा छोटं विमान, एवढेच पर्याय उरतात.

मंडळ्यांची (चर्चची) दानाची मोहीम बहुधा नाताळात सुरू होते. फेब्रुवारीत रक्कम जमते, मार्चमध्ये समिती मंजुरी देते, एप्रिलमध्ये खरेदी होते. माल जुबात उतरतो तेव्हा आभाळ भरून आलेलं असतं. मग घाईघाईने विमान ठरवलं जातं. सेसना कॅरॅव्हानमध्ये साधारण एक टन वजन जातं. बायबलची एक प्रत ८०० ग्रॅमची धरली, तरी हजार प्रती म्हणजे ८०० किलो, अर्थात जवळजवळ अख्खं विमान. भाडं पुस्तकांच्या किमतीला गाठतं, आणि धावपट्टी मातीची असल्यामुळे आदल्या रात्री पाऊस झाला तर उड्डाणही रद्द होतं.

म्हणून हिशोब शेवटाकडून करावा. ज्वारी, तीळ, भुईमुगाचं बियाणं एप्रिलच्या मध्याला गावात हवं असेल, तर ट्रक मार्चच्या मध्याआधी जुबातून सुटला पाहिजे, फेब्रुवारीअखेर निमुलेची सीमा ओलांडलेली पाहिजे आणि युगांडातल्या कंपालातली खरेदी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात झाली पाहिजे. पैसे त्याआधी हातात हवेत. थोडक्यात, नाताळचं दान येत्या पेरणीसाठी धरूच नका, ते पुढच्या वर्षाच्या खात्यात टाका. समित्यांना हे पटवणं जड जातं, पण दुसरा मार्ग नाही.

पैसे पाठवले, पण पोहोचले नाहीत

दोन आठवडे झाले तरी जुबाच्या खात्यात काहीच दिसत नाही, ही नेहमीची तक्रार. रक्कम बहुधा मधल्या बँकेत थांबलेली असते. डॉलरचा व्यवहार मध्यस्थ बँकेतून जातो आणि तिथली संशयास्पद व्यवहार शोधणारी चाळणी ‘सुदान’ या शब्दावर अडू शकते. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला वेगळा देश झाला, पण तिथल्या काही जुन्या मंडळ्यांच्या नोंदणीकृत नावात अजून ‘सुदान’च आहे. फॉर्म भरणाऱ्याने देशाचा कोड एसएसऐवजी एसडी टाकला, तर पैसे थेट उत्तरेकडच्या सुदानच्या नावावर दिसतात आणि चौकशी सुरू होते. त्यामुळे:

- खातेदाराचं नाव खात्यावर आहे तसंच, अक्षरन्‌अक्षर लिहा. ‘चर्च’चं ‘मिशन’ करू नका.
- पत्त्यात ‘जुबा, दक्षिण सुदान’ पूर्ण लिहा आणि देशाचा कोड स्वतः तपासा.
- कारणाच्या रकान्यात ‘मदत’ किंवा ‘मिशनकार्य’ एवढंच नको. ‘प्राथमिक शाळेतल्या ६ शिक्षकांचं जानेवारी ते मार्चचं मानधन’ असं लिहा आणि त्याला जुळणारं पत्र हाताशी ठेवा.
- नवीन खात्यावर आधी छोटी रक्कम पाठवा. ती पोहोचल्याची खात्री झाल्यावरच मोठी.

तरीही अडकलंच, तर आपल्या बँकेकडून स्विफ्ट संदेशाची (बँकेने बँकेला पाठवलेल्या व्यवहाराच्या संदेशाची) प्रत मागा आणि ती जुबातल्या खातेदाराला पाठवा. तिच्याशिवाय तिथल्या बँकेला माग काढणं अवघड जातं. पहिली रक्कम परत आल्याचं लेखी कळेपर्यंत तीच रक्कम दुसऱ्यांदा पाठवू नका. दोन्ही पोहोचल्या की हिशोबाचा असा गुंता होतो की पुढची तपासणी त्यातच संपते.

चलनाचंही भान हवं. डिसेंबर २०१५ पर्यंत डॉलरचा अधिकृत भाव सुमारे ३ दक्षिण सुदानी पौंड होता. दर खुला केल्यावर तो एकदम साडेअठराच्या आसपास गेला आणि २०२४ मध्ये हजाराच्या पार. अशा ठिकाणी वर्षभराचं अंदाजपत्रक पौंडात मांडणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. अंदाजपत्रक वस्तूंत मांडा: ५० किलोच्या मक्याच्या पिठाच्या किती गोण्या, डिझेल किती लिटर, वह्या किती. रक्कम तिमाहीने पाठवा आणि पौंडात लागेल तेवढीच बदलून घ्या. प्रत्येक बदलाच्या चिठ्ठीवर तारीख आणि भाव असलाच पाहिजे, नाहीतर वर्षअखेरीला पाळकांवर उगाच संशय येतो. रोख डॉलर नेणारं कोणी असेल तर नोटा नव्या मालिकेतल्या आणि कोऱ्या हव्यात. जुन्या, फाटक्या किंवा पेनाने खुणा केलेल्या नोटा बाजारात घेत नाहीत.

‘आपल्या’ मंडळीलाच मदत

ही चूक सर्वांत सहज होते आणि सर्वांत महागात पडते. ब्रिटिश अमलात मिशन संस्थांना प्रदेश वाटून दिलेले होते. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने १९०२ मध्ये शिलुक लोकांत डोलेब हिल इथे ठाणं केलं, पुढे नुएर लोकांत काम वाढवलं. अँग्लिकनांच्या चर्च मिशनरी सोसायटीने बोरच्या दिंका भागात पाय रोवला, तर बहर अल गझलमध्ये कॅथलिक मिशन आलं. आज प्रत्येक पंथात अनेक जमातींचे लोक आहेत, तरी गावपातळीवर पंथ म्हणजे जमात हे समीकरण काहीसं शिल्लक आहे. डिसेंबर २०१३ ला जुबात पेटलेलं युद्ध लवकरच दिंका-नुएर असं वळण घेत गेलं. त्या पार्श्वभूमीवर फक्त आपल्या पंथाच्या आवारात धान्य उतरलं, तर शेजारच्या वस्तीला त्याचा एकच अर्थ दिसतो: मदत एकाच जमातीला मिळते.

उपाय कटकटीचा आहे, पण चालतो. लाभार्थींची यादी एकट्या पाळकाने करू नये. बोमाचा (सर्वांत लहान प्रशासकीय घटकाचा) मुखिया, महिलांची प्रतिनिधी आणि गावातल्या दुसऱ्या पंथाचा एक पाळक एकत्र बसून यादी करतात, ती वाटपाच्या किमान तीन दिवस आधी झाडाखाली वाचून दाखवली जाते आणि हरकती तिथेच नोंदवल्या जातात. पायम (बोमाच्या वरचा घटक) आणि त्यावरच्या काउंटी कार्यालयाला एकेक प्रत जाते. साउथ सुदान कौन्सिल ऑफ चर्चेसमध्ये कॅथलिक, एपिस्कोपल (अँग्लिकन), प्रेस्बिटेरियन असे मुख्य पंथ एकत्र आहेत. वाद होण्याची चिन्हं दिसली तर आधी तिच्या स्थानिक समितीला बोलवावं.

याच संदर्भात धान्य आणि सुवार्ता वेगळी ठेवा. रेड क्रॉस आणि स्वयंसेवी संस्थांची १९९४ ची आचारसंहिता सांगते की मदत गरज पाहून द्यावी, वंश किंवा धर्म पाहून नाही, आणि धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी ती वापरू नये. व्यवहारात याचा अर्थ: वाटपाच्या रांगेत प्रवचन नाही, उपासनेची हजेरी हा निकष नाही, वाटपाची जागा शक्यतो शाळेचं मैदान. उपासना तिच्या वेळी, तिच्या ठिकाणी.

काय पाठवू नये

वापरलेल्या कपड्यांबद्दल फार बोलायला नको, वाहतुकीलाच जास्त पैसे लागतात. औषधं मात्र धोक्याची. बोस्नियाच्या युद्धात १९९६ च्या मध्यापर्यंत अंदाजे १७,००० टन निरुपयोगी औषधं दानातून साठली आणि ती नष्ट करणं हा वेगळाच खर्च होऊन बसला. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक सूत्रं सांगतात की दान केलेलं औषध देशात पोहोचल्यावर त्याची मुदत किमान एक वर्ष शिल्लक हवी, वेष्टनावर औषधाचं मूळ नाव हवं, आणि उरलेल्या गोळ्या किंवा नमुन्याच्या पट्ट्या चालत नाहीत. दवाखान्याने स्वतः मागितलेली यादी नसेल तर औषधं पाठवूच नका. तान्ह्या मुलांसाठी दुधाची पावडरही नको: पाणी अशुद्ध, बाटली उकळायला सरपण नाही, आणि आईचं दूध आटलं की ते परत आणणं फार कठीण असतं.

बायबलच्या बाबतीत ‘दिंका भाषेत ५०० प्रती’ अशी मागणी अपुरी आहे. रेक, बोर, पडांग अशा बोली वेगळ्या आहेत. कोणती बोली, कोणती आवृत्ती, हे त्या धर्मप्रांताकडून लेखी घ्या. २००८ च्या पाहणीत प्रौढ साक्षरता सुमारे २७ टक्के निघाली होती, त्यामुळे सौरऊर्जेवर चालणारी श्राव्य बायबलं अनेक ठिकाणी छापील प्रतींपेक्षा जास्त कामाला येतात.

हातपंप दिला, अवजारं दिली नाहीत

तिथे सर्रास दिसणारा पंप म्हणजे इंडिया मार्क २. सोलापूरच्या पंपावरून पुढे विकसित झालेली ही रचना मराठी वाचकाला अनोळखी नसावी. स्फिअरच्या (मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय किमान निकषांच्या) मानकानुसार मिनिटाला १७ लिटर देणाऱ्या एका हातपंपामागे जास्तीत जास्त ५०० माणसं धरावीत. विस्थापितांच्या छावणीशेजारी हा आकडा सहज दुप्पट होतो आणि वॉशर लवकर झिजतात.

बिघाड लांबून फोनवरही ओळखता येतो. बरेच दांडे मारल्यावर पाणी येत असेल, तर तळाची झडप गळते किंवा वॉशर झिजले. दांडा एकदम हलका झाला आणि पाणीच नाही, तर आतला रॉड सुटला किंवा तुटला. पाणी तांबूस येत असेल तर लोखंडी पाइप गंजले आहेत आणि पुढच्या वेळी स्टेनलेस किंवा प्लास्टिकचे घालावे लागतील. मार्क २ मध्ये वॉशर बदलायलाही पाइप वर ओढावे लागतात. त्यासाठी तिपाई, पाइप धरायची पकड आणि पाचसहा माणसं लागतात. दर काही गावांमागे अवजारांचा एक संच, प्रत्येक पंपामागे दोन वर्षांचे वॉशर, एक साखळी आणि एक बेअरिंगचा जोड, हे मूळ अंदाजपत्रकातच धरा. पंप बसवून फोटो काढून निघून जाणं सोपं असतं.

माणसं, फोटो आणि सही

संस्थेची नोंदणी सरकारच्या रिलीफ अँड रिहॅबिलिटेशन कमिशनकडे करावी लागते आणि २०१६ च्या कायद्यानुसार किमान ८० टक्के कर्मचारी दक्षिण सुदानी हवेत. फोटो काढायला परवानगी लागते. जुबाचा नाईलवरचा पूल, विमानतळ आणि सैनिक यांच्याकडे कॅमेरा वळवूच नये. उपग्रह फोनलाही परवाना लागतो. चर्चच्या आवारात विस्थापित आसऱ्याला आले असतील तर त्या जागेचा फोटो किंवा गावाचं नाव वार्तापत्रात छापू नका, आणि पाठवण्याआधी फोटोतली स्थळाची नोंद पुसा.

शेवटची चूक कागदावरची आहे. १९६४ मध्ये, देश अखंड सुदानचा भाग असताना, खार्तुम सरकारने दक्षिणेतल्या परदेशी मिशनऱ्यांना हाकललं, तरी मंडळ्या टिकल्या आणि वाढल्या, कारण त्या स्थानिक लोकांच्या हाती गेल्या. जुलै २०१६ मध्ये जुबात लढाई उसळली तेव्हाही अनेक परदेशी घाईने बाहेर पडले. अशा वेळी बँकेत परदेशी माणसाचीच सही अनिवार्य असेल, तर खातं गोठतं आणि शिक्षकांचं मानधन थांबतं. तीन स्थानिक सह्या नोंदवा, त्यांपैकी कोणत्याही दोन पुरेशा ठेवा. तिघे एकाच घरातले किंवा एकाच कुळातले नकोत, आणि त्यातला एक जण जुबात राहणारा असावा.