शॉवर नुसता बदलायचा का भिंत फोडायची? आधी बादली लावून बघा

आमच्याकडं लातूरला शॉवर म्हणलं की अजूनही घरातले मोठे माणसं डोळे वटारतात, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेले लोक आहेत ते, त्यांना बादली-मग सोडून दुसरं काही पटतच नाही. पण घर बांधताना प्रत्येक बाथरूमला शॉवरचा पॉइंट काढलेला असतोच, आणि दोनतीन वर्षांत त्या शॉवरातून निम्मं पाणी डोक्यावर अन् निम्मं भिंतीवर जायला लागतं, मग सुरू होतं की हा बदलावा का एकदाच सगळं नवीन करून घ्यावं.

मी यात एकदा चांगलाच फसलोय. दुकानात आठ इंची रेन शॉवर (पावसासारखं पाणी पाडणारा रुंद शॉवर) बघितला, तिथं डेमोला असं काय धो धो पाणी पडत होतं, घेऊन टाकला. घरी लावला तर पागोळी गळावी तसं टिपटिप, मधल्या दहाबारा भोकांतूनच पाणी, कडेची कोरडी. शॉवर खराब नव्हता हो, दुकानात पंप लावलेला होता आणि माझ्या घरात नव्हता, एवढंच.

म्हणून पहिलं काम, प्रेशर बघा. हिशोब सोपा आहे, पाण्याची उंची १० मीटर असली तर साधारण १ बार प्रेशर मिळतं. आता तुमची टाकी स्लॅबवरच ठेवलेली आणि बाथरूम त्याच्या लगेच खाली असेल तर टाकीतलं पाणी आणि शॉवर यात फरक किती, दीड-दोन मीटर, म्हणजे ०.१५ ते ०.२ बार. यात रेन शॉवर चालणार कसा? खालच्या मजल्यावर तोच फरक आणखी तीनेक मीटरनं वाढतो, म्हणून खाली पाणी बरं येतं.

नुसत्या गणितावर जाऊ नका, शॉवर काढा, आर्मखाली (भिंतीतून आलेली शॉवरची नळी) बादली धरा, कॉक पूर्ण उघडा आणि मोबाईलवर ३० सेकंद लावा. ५ लिटर जमलं तर मिनिटाला १० लिटर झालं, एवढ्यात साधा चार इंची शॉवर मस्त चालतो. आर्ममधून चांगलं येतंय पण शॉवर लावला की धार मरते, तर दोष शॉवरचाच, भिंतीला हात लावायची गरज नाही. आर्ममधूनच करंगळीएवढी धार येत असंल तर मग कितीही महागडा शॉवर आणा, उगं पैसे पाण्यात.

आणि बहुतेक वेळा शॉवरही मेलेला नसतो, बोअरच्या क्षारानं बुजलेला असतो. आपल्याकडं काळ्या पाषाणातलं पाणी, कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, भोकांवर पांढरा थर दिसतोच. प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर किंवा कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घ्या, शॉवर त्यात बुडेल अशी पिशवी रबरानं बांधून दोनतीन तास ठेवा, मग जुन्या टूथब्रशनं घासा. रबरी नोझल असतील तर नुसत्या अंगठ्यानं चोळलं तरी खडे निघतात. फरशीचं ॲसिड मात्र लावू नका, चकाकी जाते आणि खालचं पितळ उघडं पडतं. आत एखादी बारीक चकती पाणी वाचवायला बसवलेली असते, कमी प्रेशरच्या घरात ती काढली तरी फरक पडतो.

बदलायचाच ठरला तर घरी होतं, प्लंबर लागत नाही. आर्मचा आटा आपल्याकडं बहुतेक अर्धा इंचीच असतो, तरी जुना शॉवर सोबत घेऊन दुकानात जा. काढताना शॉवरला कापड गुंडाळून पाना लावायचा आणि दुसऱ्या हातानं आर्म गच्च धरायचा, हे विसरू नका, नाहीतर शॉवर निघायच्या ऐवजी आर्मच भिंतीत फिरतो, गंजका असेल तर आत तुटतो, आणि मग पाचशेच्या कामासाठी टाईल फुटते. (शेजारी झालंय हे, सकाळी आठला, घरात पाहुणे.) जुनी टेप खरवडून काढा, शॉवर न लावता मिनिटभर पाणी सोडा, रेती आणि पोपडे बाहेर पडू द्या, मग टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेनं आवळतात त्याच दिशेनं आठदहा वेढे मारा, वॉशर आहे का बघा, हातानं आवळा आणि पान्यानं फक्त थोडासा.

मधला रस्ताही आहे, तो दुकानदार सहसा सांगत नाही. बाहेरून दिसणारा वॉल मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणारा भिंतीवरचा नळ असेल तर गरम-थंडचे दोन पॉइंट साधारण ६ इंचावर असतात, तिथं टेलिफोन शॉवरवाला (हातात धरायचा, लवचिक नळीचा) थ्री इन वन मिक्सर बसतो, टाईल न फोडता. घरात म्हातारं माणूस असेल तर छतातल्या शॉवरपेक्षा हाच कामाचा, खुर्चीवर बसून आंघोळ होते.

प्रेशर वाढवायला टाकी अँगलच्या स्टँडवर एक मीटर उचलली तर ०.१ बार वाढतं, वरच्या मजल्याला तेवढ्यानंही जीव येतो. पण हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, स्टँड बीमवरच यायला पाहिजे. नाहीतर प्रेशर पंप, तोही टाकीच्या आउटलेटला, नगरपालिकेच्या लाईनला कधीच नाही. पंपाचं पाणी फक्त थंड लाईनला दिलं तर ते गरम पाण्याला मागं ढकलतं आणि मिक्सरमधून थंडच येत राहतं. गिझरच्या पाटीवर किती बार चालतं ते वाचा. आणि सोलरवाल्यांनो, तुमच्या साध्या टाकीचा एअर व्हेंट, म्हणजे हवा जायची नळी, वर उघडा असतो, प्रेशरचं पाणी सोडलं की तिथूनच गच्चीवर कारंजं, त्याचं काम माहितगार माणसालाच द्या.

मग भिंत कधी फोडायची? पलीकडच्या खोलीत ओल दिसते, सकाळचं पहिलं पाणी गंजकं तांबडं येतं म्हणजे आतली जुनी लोखंडी लाईन संपलीय, किंवा वॉटरप्रूफिंगसाठी फरशी तशीही निघणार आहे. तेव्हा लाईन, कॉक, डायव्हर्टर (पाणी नळाकडं का शॉवरकडं ते वळवणारा, भिंतीतला) सगळं एकदाच करा, कारण टाईल दोनदा फोडणं परवडत नाही. डायव्हर्टर असा घ्या की त्याचा कार्ट्रिज, म्हणजे आतला बदलता येणारा भाग, आपल्याच गावात मिळेल, क्षारानं तो जाणारच आहे. प्लास्टर करायच्या आधी लाईनला पंप लावून टेस्ट करून घ्या, पट्टी धरून पाईपचे फोटो काढून ठेवा, आणि त्याच लॉटच्या चारपाच टाईल जिन्याखाली ठेवून द्या, पुढं तो डिझाईन मिळत नाही.

पाण्याचं एक राहिलं, मिनिटाला १० लिटरच्या शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं की ८० लिटर गेलं, म्हणजे चार मोठ्या बादल्या. आमच्या घरी म्हणून एप्रिल-मे मध्ये शॉवरचा कॉक बंदच असतो, आई स्वतः बंद करते.