बागेतली दारूची बैठक उठवायची कशी?

उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याकडे रात्री आठनंतरच बागेत बसवतं. लेकरं घेऊन माणसं बाहेर पडतात आणि क्वार्टरवालेही त्याच वेळेला कोपरे धरतात. म्हणून ‘बाग सातलाच बंद करा’ अशी मागणी करू नका. कुलूप लागलं की घरच्या मंडळींची बाग जाते, कुंपण ओलांडणाऱ्यांना काही फरक पडत नाही.

आधी जागा कोणाची ते काढा, कारण बहुतेक अर्ज इथेच अडकतात. शहरातली बाग किंवा कॉलनीतला ओपन स्पेस असेल तर महापालिका किंवा नगरपालिका, गावात ग्रामपंचायत. पाटणादेवीसारखी जागा गौताळा अभयारण्यात येते, तिथे वन विभाग. दिवे, कुंपण, रखवालदार ही कामं त्यांची. पिणाऱ्यांना उचलायचं काम मात्र पोलिसांचं. दोन्ही मागण्या एकाच अर्जात घातल्या की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं, तेव्हा अर्ज दोन करा.

अर्जाआधी आठवडाभर नोंद ठेवा: वार, वेळ, नेमका कोपरा, साधारण किती जण, गाड्या कुठे लावतात. सकाळी झाडू लागण्याआधी रिकाम्या बाटल्या, ग्लास, चकण्याच्या पुड्यांचे फोटो काढा. रात्री तोंडावर मोबाइल धरू नका. प्यायलेल्या माणसाशी वाद घालून हाणामारीच होते, कारवाई होत नाही. ‘रोज दारुडे बसतात’ एवढंच लिहिलं तर गस्तीची गाडी नेमकी चुकीच्या वेळी फेरी मारून जाते. ‘शनिवार-रविवार, साडेआठ ते दहा, पाण्याच्या टाकीमागे’ असं लिहा.

पोलीस ठाण्याच्या अर्जात दोन कायद्यांचा उल्लेख पुरेसा आहे. एक, महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949, कलम 85: सार्वजनिक जागी नशेत गैरवर्तन. दुसरा, भारतीय न्याय संहितेचं कलम 355: नशेत सार्वजनिक जागी लोकांना त्रास दिला तर 24 तासांपर्यंत साधी कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. ‘माझ्याकडे परवाना आहे’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. त्या परवान्यावर बागेत बसून पिता येत नाही.

बैठक चालू असतानाच 112 ला फोन करा, संपल्यावर नव्हे. नशा सिद्ध करायला वैद्यकीय तपासणी लागते. माणसं पांगली की प्रकरण तिथेच संपतं.

बागेच्या फाटकाजवळची अंडाभुर्जीची गाडी हेही पाहायला हवं. ग्लास, पाणी, आडोसा तिथूनच मिळत असेल तर बागेतली माणसं उठवून काही होत नाही, दुसऱ्या दिवशी दुसरी येतात. पिण्याचा अड्डा चालवणाऱ्यावर त्याच दारूबंदी कायद्याचं कलम 68 लागतं, तिथे पिताना सापडणाऱ्यावर कलम 84. ही तक्रार राज्य उत्पादन शुल्क विभागाकडेही करता येते.

महापालिकेकडे मोघम ‘सुशोभीकरण’ मागू नका. बंद दिव्याच्या खांबाचा क्रमांक द्या, कमरेच्या वर वाढलेली मेंदी छाटायला सांगा, घसरगुंडीखालची वाळू चाळून घ्यायला सांगा. फुटलेल्या बाटलीची काच वाळूत दिसत नाही, अनवाणी पोराच्या पायातच जाते.

प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. महिन्यात काही हललं नाही तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारा: या आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणती कारवाई केली, कोणत्या तारखेला? उत्तराची मुदत 30 दिवस. पुष्कळदा हा अर्ज पोचल्यावरच पहिल्या अर्जाची फाईल उघडते.