कोडमधून चित्रांचे खेळ करताना या चुका टाळा

पडद्यावर काढलेली ठिपक्यांची रांगोळी विनाकारण थरथरत असेल, तर दोष रांगोळीच्या आकृतीत नसून बहुधा एका ओळीच्या जागेत असतो. पी५.जेएस या, ब्राउझरमध्ये कोडने चित्रे काढण्याच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीमध्ये ‘सेटअप’ या भागातील सूचना एकदाच चालतात, तर ‘ड्रॉ’मधील सूचना साधारणपणे सेकंदाला ६० वेळा चालतात. त्यामुळे ठिपक्यांच्या यादृच्छिक जागा ठरवणारा ‘रँडम’ ड्रॉमध्ये ठेवला, की प्रत्येक फ्रेमला, म्हणजे ड्रॉच्या प्रत्येक फेरीला, संपूर्ण रांगोळी नव्याने विस्कटते. त्या जागा सेटअपमध्ये ठरवून अ‍ॅरेमध्ये, म्हणजे यादीत, साठवाव्यात. चित्र स्थिरच हवे असेल तर ड्रॉ एकदाच चालवणारी ‘नो-लूप’ ही सूचना पुरते.

याहून मोठी चूक मात्र दिसत नाही, ती नंतर जाणवते. खेळता खेळता एखादी अप्रतिम आकृती उमटते, पान रिफ्रेश होते आणि ती कायमची जाते. अशा प्रयोगांत अपघाताचेच तर मोल असते. पण तो अपघात पुन्हा घडवता आला नाही, तर सुधारणा करायची कशात? म्हणून सुरुवातीलाच ‘रँडम-सीड’ला एक आकडा द्यावा (तोच आकडा दिला की रँडम त्याच किमती त्याच क्रमाने पुन्हा देतो) आणि जतन केलेल्या चित्राच्या नावातही तोच आकडा घालावा. येथे एक खोच आहे: ‘नॉइज’ हे हळूहळू बदलणाऱ्या किमती देणारे फंक्शन वापरले असेल तर त्याला वेगळे ‘नॉइज-सीड’ द्यावे लागते, कारण रँडमचा सीड त्याला लागू होत नाही. तसेच चित्र जतन करण्याची सूचना कळ दाबल्यावरच चालेल अशी ठेवावी. ती थेट ड्रॉमध्ये लिहिली, तर ब्राउझर एकामागून एक फायली उतरवू लागतो.

नॉइजबद्दल आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते, की गोदावरीच्या प्रवाहासारख्या संथ रेषा काढायला गेलो आणि नुसता गोंधळ उमटला. केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीचे सारे सौंदर्य शेजारच्या किमती एकमेकींच्या जवळ असण्यात आहे. तिला १, २, ३ असे पूर्णांक दिले, तर शेजार उरतच नाही आणि परिणाम रँडमसारखाच दिसतो. पायरी ०.००५ ते ०.०३ च्या दरम्यान ठेवून पाहावी. उत्तरे ० ते १ मध्ये येतात, पण बहुतेक मध्याजवळच घुटमळतात. त्यामुळे टोकाच्या किमती क्वचितच मिळतील हे गृहीत धरूनच उत्तरांचा विस्तार करावा.

येवल्याच्या पैठणीच्या काठासारखी नक्षी काढताना मोर एका ओळीत न बसता कॅनव्हासबाहेर निघून जातात, याचे कारण ‘ट्रान्सलेट’ (सरकवणे) आणि ‘रोटेट’ (फिरवणे) यांचा परिणाम एकाच फ्रेममध्ये साचत जातो. प्रत्येक मोराआधी चालू स्थिती जपणारे ‘पुश’ आणि नंतर ती परत आणणारे ‘पॉप’ लिहावे. कोन मूळ सेटिंगमध्ये रेडियनमध्ये (पूर्ण फेरी म्हणजे सुमारे ६.२८ रेडियन) मोजले जातात हेही विसरू नये: काटकोनासाठी ९० लिहिले, तर मोर चौदा पूर्ण फेऱ्या मारून सुमारे ११७ अंशांवर थांबतो. तसेच काठाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात मोर हवे असतील, तर रुंदीला सातने नव्हे, सहाने भागावे, कारण अंतरे सहाच असतात.

गोदावरीच्या पुराची उंची नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढले यावरून सांगतात, आणि त्यावर चित्र रचण्याची कल्पना चांगलीच आहे. परंतु कॅनव्हासचा शून्यबिंदू डावीकडे वरच्या कोपऱ्यात असतो व उभे माप खाली जाताना वाढते. पातळीचा आकडा जसाच्या तसा वापरला, तर पूर वाढेल तशी पाण्याची रेषा खाली उतरेल. एका पट्टीवरचा आकडा दुसऱ्या पट्टीवर नेणारे ‘मॅप’ वापरून कमाल पातळी शून्याला आणि शून्य पातळी कॅनव्हासच्या उंचीला जोडावी.

रंगांच्या बाबतीत चित्रकाराची सवयच आड येते. नाशिकच्या रंगपंचमीच्या रहाडींवरून, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदांवरून, सुचलेल्या प्रयोगात पिवळ्या आणि निळ्याच्या मधोमध हिरवा अपेक्षित असतो, पण आरजीबी पद्धतीत या दोहोंच्या मध्यावर नेमका राखाडी येतो, कारण तेथे लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या आकड्यांची सरासरी काढली जाते. रंगछटा, गडदपणा व उजळपणा असे आकडे घेणारी एचएसबी पद्धत निवडली, तर रंगचक्रावरून जाताना हिरवा भेटतो. मात्र पद्धत बदलली की आकड्यांचा अर्थही बदलतो: पूर्वी लाल देणारे २५५, ०, ० आता काळा रंग देतात. शिवाय पी५मध्ये एचएसबीची मर्यादा ३६०, १००, १०० असते, तर पी५ ज्यावरून आले त्या प्रोसेसिंगमध्ये तिन्ही आकडे २५५ पर्यंत जातात. त्यामुळे एकीकडची ओळ दुसरीकडे नकलून चालत नाही.

नाशिक ढोलाच्या ठोक्यावर आकार नाचवायचे असतील, तर आधी माइकची परवानगी आणि एचटीटीपीएसचा किंवा लोकलहोस्टचा पत्ता लागतो. पान उघडताच आवाज सुरू होईल अशी अपेक्षाही ठेवू नये, कारण वापरणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय ब्राउझर ध्वनियंत्रणा सहसा सुरू होऊ देत नाही. ढोल माइकच्या अगदी जवळ वाजवला, तर पातळी कमाल मर्यादेलाच चिकटून राहते आणि ठोका व नाद यांतील फरक पुसला जातो. माइक दूर ठेवणे हाच त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

जुने धडे पाहून लिहिलेला कोड अडत असेल, तर आवृत्ती तपासावी. पी५च्या २.० मध्ये चित्रे आधी आणून ठेवणारे ‘प्रीलोड’ उरलेले नाही. चित्र येईपर्यंत थांबणाऱ्या ‘असिंक’ सेटअपमध्ये ते ‘अवेट’ लावून आणावे लागते.

छपाईच्या वेळी शेवटची फजिती होते. ८०० पिक्सेल रुंदीचे चित्र ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापले, तर ते जेमतेम ६.८ सेंटीमीटर भरते, आणि उभ्या ए३ कागदासाठी ३५०८ × ४९६१ पिक्सेल हवेत. अशा वेळी कॅनव्हासचे माप वाढवले, तर रेषांची जाडी व अंतरांचा तोल बिघडतो. त्याऐवजी ‘पिक्सेल-डेन्सिटी’, म्हणजे कॅनव्हासच्या प्रत्येक एककामागचे पिक्सेल, वाढवावी आणि सीड तोच ठेवावा. कोड पिक्सेलच्या अ‍ॅरेत थेट हात घालत असेल, तर डेन्सिटी १ वरून ५ केल्यावर त्या अ‍ॅरेची लांबी पंचवीसपट होते. अनुक्रमांकाचे गणित त्याप्रमाणे बदलूनच फाइल छापखान्यात द्यावी.