लुथरन चर्चमध्ये बुधवारचं सूप सपर: शेजारीपाजारी खरंच यावेत म्हणून काय काय करायचं

मिनेसोटात किंवा आजूबाजूच्या राज्यांत एखाद्या छोट्या लुथरन चर्चशी जोडल्या गेलेल्या आपल्या मराठी लोकांसाठी हे लिहितेय. आपल्यातले बरेचजण नगर, पुणे, सोलापूरकडच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वाढलेले, इथे घराजवळ तसलं काही नाही म्हणून गल्लीतल्या लुथरन चर्चला जायला लागलेले, आणि काहीजण ख्रिस्ती नाहीतच पण पोरांच्या ओळखीमुळे चर्चच्या कार्यक्रमांना येतात. दोघांनाही उपयोग होईल. माझं मत पक्कं आहे, रविवारी उपासनेला या असे कितीही बोर्ड लावा, शेजारी येत नाहीत, पण आठवड्यातल्या संध्याकाळी जेवायला बोलावलं आणि ते दुसऱ्यांदा आले की त्यांच्या हातात काहीतरी काम दिलं तर ते येत राहतात.

सगळ्यात सोपी सुरुवात म्हणजे लेंटमधलं (ईस्टरआधीच्या उपवासकाळातलं) सूप सपर, म्हणजे संध्याकाळचं सूपचं साधं जेवण. लेंट म्हणजे ॲश वेन्सडेपासून (लेंटचा पहिला दिवस) ईस्टरपर्यंत, रविवार सोडून, ४० दिवस, आणि त्यात ॲश वेन्सडे आणि होली वीक (ईस्टरआधीचा शेवटचा आठवडा) सोडले की मधले ५ बुधवार मिळतात. पाचच असल्यामुळे चर्च कौन्सिलही लवकर हो म्हणते. बुधवारच का, तर मिनेसोटात बुधवारची संध्याकाळ शाळांनी चर्चसाठी मोकळी ठेवायची जुनी पद्धत आहे, कन्फर्मेशनचे (पोरांच्या श्रद्धेच्या दृढीकरणाचे) क्लासही त्याच दिवशी असतात, म्हणजे सातवी आठवीची पोरं आधीच बिल्डिंगमध्ये असतात आणि वाढायला हात आपोआप मिळतात. ५:३० ला जेवण, ६:३० ला अर्ध्या तासाची सांजप्रार्थना, ७:१५ पर्यंत पोरं घरी, एवढंच ठेवा, लांबवू नका.

पैशाचं म्हणाल तर फार लागत नाहीत. चर्चमध्ये कुणी ना कुणी थ्रायव्हंटचे (ख्रिस्ती लोकांची विमा-बचत संस्था) मेंबर असतातच, त्यांना विचारा, ॲक्शन टीमसाठी (मेंबरांच्या छोट्या सेवाकामांना मदत देणारी त्यांची योजना) अर्ज केला की सहसा २५० डॉलरचं कार्ड मिळतं आणि त्यात सूपचं सामान आणि पत्रकं दोन्ही निघतं.

आता किचन, इथे जरा नीट लक्ष द्या. बहुतेक लुथरन चर्चच्या तळघरात ते मोठे इलेक्ट्रिक रोस्टर (विजेवर गरम राहणारी झाकणाची मोठी भांडी) असतात, १८ क्वार्टचे. काठोकाठ भरायचे नाहीत, १५ क्वार्ट भरले तर ६० कप होतात, माणशी दीड कप धरला तर एका रोस्टरमध्ये ४० जणांचं भागतं. एक रोस्टर साधारण १४५० वॉट खातो त्यामुळे दोन रोस्टर एकाच सर्किटवर लावले की ब्रेकर ट्रिप होणार म्हणजे होणारच, आणि ते ऐन जेवायच्या वेळी होतं, म्हणून आदल्या दिवशीच कुठला प्लग कुठल्या सर्किटवर आहे ते बघून प्लगवर टेप चिकटवून नंबर लिहून ठेवा. थंड सूप रोस्टरमध्ये गरम करायला ठेवू नका, फार वेळ लागतो, आधी गॅसवर उकळायचं आणि मग ओतायचं. वाढताना १४० फॅरनहाइटच्या खाली जाऊ द्यायचं नाही, आणि उरलेलं सूप भल्यामोठ्या पातेल्यात तसंच फ्रिजमध्ये न ठेवता पसरट ट्रेमध्ये काढून ठेवायचं, नाहीतर मधला भाग तासन् तास कोमट राहतो.

सूप दोनच करा. एक चिकन वाइल्ड राइस, कारण ते नसेल तर जुनी मंडळी नाराज होतात, आणि दुसरं पूर्ण व्हेज, त्यात क्रीम नाही, बटर नाही, चिकन स्टॉक पण नाही. मसूर किंवा तुरीच्या डाळीचं पातळसर सूप लिंबू पिळून ठेवा, लोक पहिल्या अर्ध्या तासात संपवतात. इथे वाटाण्याच्या सूपमध्ये हॅम घालायची स्वीडिश पद्धत आहे, ती या दिवशी नको. वाइल्ड राइसमध्ये ग्लूटेन नसतं पण सूप घट्ट करायला मैदा घातला की संपलं, कॉर्नस्टार्च वापरा. प्रत्येक रोस्टरसमोर कागदावर ठळक लिहा काय काय घातलंय. कुणाला ताटकळत विचारावं लागू नये.

हे सगळं एवढं का सांगतेय, तर मिनेसोटात सोमाली लोकवस्ती अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात मोठी आहे आणि तुमच्या चर्चच्या ब्लॉकवरच मुस्लिम कुटुंबं राहत असण्याची शक्यता खूप आहे. शिवाय रमजान सध्या लेंटच्या दिवसांतच येतोय, २०२५ मध्ये दोन्हींची सुरुवात मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली होती. रोजा असलेल्या माणसाला साडेपाचला जेवायला बोलावून काय उपयोग? झाकणाचे डबे ठेवा, व्हेज सूप भरून द्या, आणि एक टेबल सूर्यास्तापर्यंत आवरू नका, खजूर आणि पाणी ठेवा. मार्चमध्ये घड्याळं पुढे जातात तेव्हा सूर्यास्त एकदम तासभर उशिरा होतो हेही आधी बघून ठेवा.

पत्रक साधं हवं. इंग्लिश, स्पॅनिश, सोमाली, जी भाषा तुमच्या गल्लीत बोलली जाते ती, आणि ती भाषा घरी बोलणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. त्यावर तीन गोष्टी पाहिजेतच: जेवण फुकट आहे, प्रार्थनेला न थांबता नुसतं जेवून गेलात तरी चालेल, आणि कुठल्या दारातून यायचं. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. मंडळीतले लोक पार्किंगकडच्या बाजूच्या दाराने येतात आणि नवा माणूस समोरचं मोठं बंद दार ढकलून परत जातो, म्हणून दिवा लावा, बाण लावा, आणि दारात एक माणूस उभा करा. लॉन्ड्रोमॅट, लायब्ररी, बस स्टॉपजवळचं दुकान इथे पत्रकं लावा. बर्फ पडणार असेल तर रद्द की चालू हे दुपारी २ पर्यंत ठरवून दारावर कागद लावायचा.

जेवताना नेमटॅग लावायचे तर सगळ्यांनी लावायचे, फक्त नव्यांनी नाही. पत्ता-फोन लिहायची वही दारात ठेवू नका. देणगीची टोपली सुद्धा टेबलावर नको. फोटो काढू नका, त्याच संध्याकाळी खालच्या खोलीत एएची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग असू शकते आणि त्या लोकांची ओळख जपणं ही आपली जबाबदारी आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, काम देणं. पहिल्यांदा आलेल्याला बसवून वाढा. दुसऱ्यांदा आला की ब्रेड कापायला द्या, तिसऱ्या बुधवारी विचारा की पुढच्या वेळी सूप तुम्ही कराल का, सामान आम्ही आणतो. नुसतं घेत राहायला माणसाला जड जातं, काही दिवसांनी तो यायचा थांबतो. आपल्या बायकांसाठी अजून एक वाट आहे, क्विल्टिंग ग्रुप. लुथरन वर्ल्ड रिलीफ या मदतसंस्थेसाठी ६० बाय ८० इंचाच्या क्विल्ट बनवतात, तीन थर आणि मध्ये मध्ये दोऱ्याच्या गाठी, आपल्या गोधडीसारखंच, फक्त धावदोरा नाही. कापडावर धार्मिक चिन्ह किंवा झेंडा नको असा नियम आहे, क्रॉस पण नको, आणि मला हा नियम फार आवडतो, कारण ती पांघरणाऱ्याला कुठल्याही धर्माचं ओझं न देता ऊब मिळते. ज्या शेजारणीला इंग्लिश बोलायचा संकोच आहे ती इथे हमखास रमते.

कम्युनियनबद्दल (प्रभूभोजनाबद्दल) नवे लोक दबकत विचारतात. ईएलसीए आणि मिझुरी सिनॉड या अमेरिकेतल्या दोन वेगळ्या लुथरन संघटना, त्यांच्या चर्चमध्ये इथे मोठा फरक आहे, मिझुरीवाल्यांकडे सहसा आधी पाळकांशी बोलावं लागतं, ईएलसीएत बऱ्याच ठिकाणी येणाऱ्याला अडवत नाहीत. घ्यायचं नसेल तर हात छातीवर दुमडून उभं राहायचं, पाळक फक्त आशीर्वाद देतात. जागेवर बसून राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही.

ईस्टरनंतर काय? दर बुधवारी जमत नाही, माणसं थकतात. महिन्यातला एक बुधवार ठरवा, तारीख पाचव्या सूप सपरलाच सांगून टाका, आणि किचनची किल्ली कुणाकडे राहील ते त्याच संध्याकाळी ठरवा, शक्यतो दोघांकडे, त्यातला एक यंदाच नव्याने आलेला शेजारी असेल तर फारच छान.